पवार, ललिता

(१८ एप्रिल १९१६–२४ फेब्रुवारी १९९८). मराठी व हिंदी चित्रपटांतील एक श्रेष्ठ चरित्र-अभिनेत्री. मूळ नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. जन्म येवले (जि. नाशिक) येथे, एका सनातनी वळणाच्या कुटुंबात. वडील रेशमी व सुती कापडाचे व्यापारी होते. मूकपटांतील बालनटी, साहसपटांची नायिका, खाष्ट सासू, वत्सल आई आणि अखेरीस दूरदर्शनवरील मंथरा अशा टप्प्यांनी त्यांची कारकीर्द सुमारे सहा दशके चालू राहिली. त्यांच्या चित्रपटांची संख्या सातशेच्या घरात सांगितली जाते. तथापि लोकस्मृतीत त्यांचे नाव मुख्यतः सासूच्या भूमिकेशी निगडित झाले आहे. मराठी घरांतून ‘ललिता पवार’ हे विशेषनाम कजाग सासूचे सामान्यनाम म्हणून वापरले जाऊ लागले, ही त्यांच्या अभिनयाची मोठीच पावती होय. परंतु याच लौकिकामुळे त्यांच्या अभिनयाचे नीट मूल्यमापन होण्यास अडथळाही झाला.

पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीच्या मूकपटांतून त्यांनी लहानपणीच चित्रपटक्षेत्रात पदार्पण केले. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९२८) हा त्यांच्या अगदी आरंभीच्या चित्रपटांपैकी एक. त्या काळी प्रतिष्ठित समजल्या जाणाऱ्या घरांतील स्त्रिया पडद्यापासून कटाक्षाने दूर राहत आणि मूकपटांच्या आघाडीच्या नायिकांत अँग्लो-इंडियन व ज्यू तरुणींचे प्रमाण मोठे होते. दुर्गा खोटे यांच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटातील भूमिकेने ही स्थिती पालटण्यास प्रारंभ झाला असे सामान्यतः मानतात. ललिताबाईंचा प्रवेश त्याहून काही वर्षे आधीचा आहे. मात्र त्या काळातील मूकपट बहुतांशी नष्ट झाल्याने त्याची नोंद इतिहासात ठसठशीतपणे उमटली नाही. मूकपटांतील अनुभवाचा त्यांच्या पुढील अभिनयाशी निकटचा संबंध आहे. शब्दांच्या मदतीवाचून राग, संशय, उपहास वा माया प्रेक्षकांपर्यंत पोहोचविण्याची सवय त्यांना वाढत्या वयातच लागली. त्यामुळे बोलपटांतही संवाद सुरू होण्यापूर्वी त्यांची मान, हात आणि पदराची हालचाल प्रसंगाचा सूर लावून देत असे.

दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी विवाह झाल्यावर त्या पवार झाल्या. तिसाव्या दशकात त्या नायिका होत्या, हे पुढील पिढ्यांना सांगूनही खरे वाटत नाही. ‘कैलाश’ (१९३२) या मूकपटात भूमिका करण्याबरोबरच त्याच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. ‘हिम्मत-ए-मर्दां’ (१९३५) हा त्यांचा गाजलेला साहसपट. ‘दुनिया क्या है’ (१९३७) या टॉलस्टॉयच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीवर आधारलेल्या बोलपटाच्या निर्मितीतही त्यांचा सहभाग होता. फसविल्या गेलेल्या व समाजाने झिडकारलेल्या स्त्रीच्या कथेवर एखाद्या अभिनेत्रीने विसाव्या-एकविसाव्या वर्षी स्वतःचा पैसा लावावा, ही गोष्ट त्यांच्या आवडीनिवडीविषयी बरेच काही सांगणारी आहे. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘संत दामाजी’, मास्टर विनायक दिग्दर्शित व वि. स. खांडेकर लिखित ‘अमृत’ (१९४१) आणि ‘गोरा कुंभार’ या मराठी चित्रपटांतूनही त्या याच सुमारास चमकल्या.

‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी १९४२ मध्ये त्यांना मोठा अपघात झाला. प्रसंगानुसार मास्टर भगवान यांनी त्यांना थप्पड मारावयाची होती. ती इतक्या जोराने बसली, की त्यांच्या चेहऱ्याच्या एका भागास पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्याची रक्तवाहिनी फुटली. दीर्घकाळ उपचार होऊनही डाव्या डोळ्यात कायमचे व्यंग राहिले. साहसपट थोड्या पैशांत व झपाट्याने काढले जात आणि हाणामारीचे प्रसंग कलावंत बहुधा स्वतःच करीत. नटीला इजा झाल्यास तिची जबाबदारी घेणारी कोणतीही व्यवस्था त्या धंद्यात नव्हती. नायिकेची भूमिका मिळण्याची शक्यता वयाच्या सव्विसाव्या वर्षीच संपुष्टात आली.

या अपघाताची हकीकत पुढे इतक्या वेळा सांगितली गेली, की तिचे एका आख्यायिकेत रूपांतर झाले: डोळा अधू झाला, म्हणून चेहरा क्रूर दिसू लागला आणि म्हणून त्या खलनायिका झाल्या. ही कारणपरंपरा सोयीची असली, तरी ती अपुरी आहे. डोळ्याच्या व्यंगामुळे त्यांना कोणत्या भूमिका मिळणार नाहीत हे ठरले. मिळालेल्या भूमिका त्या कशा करणार हे त्यावरून ठरले नाही. किंचित मिटलेला तोच डोळा ‘दहेज’मध्ये कपटी भासतो आणि ‘अनाडी’मध्ये मिस्कील व मायाळू दिसतो. चेहऱ्यात फरक नसताना परिणामात एवढे अंतर पडते, याचे श्रेय अर्थातच अभिनयाकडे जाते. अपघाताने चेहऱ्याचे सौष्ठव नाहीसे झाले तेव्हा त्यांनी अभिनयाचा भार हळूहळू आवाजावर, बोलण्याच्या लयीवर आणि थांबण्याच्या कौशल्यावर टाकला. शब्द ओठांशी क्षणभर अडवून धरणे, वाक्याच्या अखेरीस स्वर किंचित लांबविणे, समोरच्याला पूर्ण बोलू देऊन मगच सावकाश त्याच्याकडे वळणे या त्यांच्या लकबी याच काळात घडल्या.

प्रभातच्या ‘रामशास्त्री’ (१९४४) मधील आनंदीबाई ही त्यांच्या या दुसऱ्या कालखंडाच्या उंबरठ्यावरची भूमिका. रामशास्त्री प्रभुणे यांची भूमिका गजानन जागीरदार यांनी केली होती. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाशी जोडलेली ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई मराठी प्रेक्षकांच्या चांगल्या परिचयाची होती. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ (१९०९) या नाटकाने तिला रंगभूमीवर भारदस्त रूप दिले होते. रंगभूमीच्या परंपरेतील ही आनंदीबाई वक्तृत्वप्रचुर आहे. ललिताबाईंची आनंदीबाई त्यामानाने मितभाषी वाटते. तिची महत्त्वाकांक्षा घोषणेच्या रूपाने प्रकट होत नाही. घरातील एखादी नित्याची तजवीज करावी अशा थंडपणाने ती राजकारण करते. कारस्थानाला दिलेला हा घरगुती स्वर पुढे त्यांच्या सर्व उत्तम खलभूमिकांचा पाया ठरला. राजवाड्यातील आनंदीबाई आणि मध्यमवर्गीय घरातील सासू यांच्यात त्यांनी जे नाते जोडले, ते मराठी प्रेक्षकाला उमजण्यास वेळ लागला नाही.

व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’ (१९५०) या चित्रपटाने सासूच्या भूमिकेवर त्यांची मुद्रा कायमची उमटविली. हुंड्यासाठी सुनेचा छळ करणारी ही स्त्री त्यांनी रंगविली तेव्हा त्या अवघ्या चौतीस वर्षांच्या होत्या. सुनेच्या भूमिकेत जयश्री आणि तिच्या वडिलांच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर होते. चित्रपटाची मांडणी भडक आहे व सासूला एकांगी काळा रंग देण्यात पटकथेने हात आखडलेला नाही. तरीही त्यांचे काम व्यंगचित्राच्या पातळीवर उतरत नाही. त्यामागील कारण पाहण्यासारखे आहे. एकत्र कुटुंबातील प्रौढ स्त्रीला घराबाहेर कोणताच अधिकार नसतो. जो काही अधिकार असतो तो किल्ल्यांच्या जुडग्याचा, कोठीचा, आणि वयाने व मानाने धाकट्या असलेल्या स्त्रीवर हुकूम चालविण्याचा. तोही तिला आयुष्याची निम्मी वर्षे दुसरीच्या हुकमतीखाली काढल्यावर मिळतो. नवी सून ही तिच्या दृष्टीने या एवढ्याशा राज्याची वारसदार आणि म्हणूनच शत्रू. लेखकांनी हे क्वचितच लिहिले. ललिताबाईंनी मात्र ते आपल्या वागण्यातून सुचविले. त्यांची सासू सुनेवर ओरडण्यापूर्वी तिच्याकडे आपादमस्तक पाहते, तिच्या हातातले काम न्याहाळते, नवऱ्याची व मुलाची चाहूल घेते आणि मगच शब्द टाकते. तिच्या क्रौर्यात हिशेब असतो आणि त्या हिशेबात पुष्कळशी भीती दडलेली असते. प्रेक्षागृहातील स्त्रिया तिला शिव्याशाप देत. परंतु अशी बाई त्यांनी पाहिलेली असे, ही गोष्टही तितकीच खरी.

अशा चित्रपटांच्या शेवटी सासूचे हृदयपरिवर्तन घडवून आणण्याचा प्रघात होता. अखेरच्या पाच मिनिटांत तिने अश्रू ढाळून सुनेला पोटाशी धरावयाचे, हा ठरलेला शेवट. ललिताबाईंच्या कामातील सर्वांत दुबळे भाग याच प्रसंगांत आढळतात. दोन तास जे चरित्र त्यांनी सुसंगतपणे उभे केले, ते कथेच्या सोयीसाठी मोडून टाकताना त्यांचाही अभिनय यांत्रिक होतो. हा दोष मुख्यतः पटकथांचा आहे. हिंदी चित्रपटाला सासूचा जुलूम हवा होता. पण ज्या कुटुंबव्यवस्थेतून तो निर्माण होतो तिच्याविषयी बोलण्याची त्याची तयारी नव्हती.

आईच्या भूमिकांतून त्यांचे वेगळे अंग दिसते. अमिय चक्रवर्ती यांच्या ‘दाग’ (१९५२) मध्ये मद्याच्या आहारी गेलेल्या तरुणाची भूमिका दिलीपकुमार यांनी केली असून त्याची दरिद्री आई ललिताबाईंनी रंगविली आहे. वस्तुतः दिलीपकुमार त्यांच्याहून केवळ सहा वर्षांनी लहान होते. त्या काळी लीला चिटणीस, दुर्गा खोटे, सुलोचना या मराठी अभिनेत्रींनी हिंदी चित्रपटातील आईचे दालन जवळजवळ व्यापलेच होते. लीला चिटणीस यांची आई सोशिक व अश्रूंनी भिजलेली, दुर्गा खोटे यांची खानदानी, तर सुलोचनाबाईंची शांत व सात्त्विक. ललिताबाईंच्या आईला जिभेची धार असते. ती रागावते, टोचून बोलते, प्रसंगी हात उगारते, आणि माया दाखविताना जणू चोरी पकडली गेल्यासारखी अवघडते.

‘श्री ४२०’ (१९५५) मधील गंगामाई ही केळेवाली या गुणाचे लहानसे पण पूर्णत्वास गेलेले उदाहरण. मुंबईत नुकत्याच आलेल्या राजशी तिची पहिली भेट होते ती केळ्यांच्या भावावरून, आण्यांच्या उलट्यापालट्या हिशेबाची घासाघीस करीत. ही बाई रस्त्यावर माल विकणारी आहे, हे त्यांच्या बसण्यावरून, गिऱ्हाइकाकडे पाहण्याच्या तऱ्हेवरून आणि आवाजाच्या खणखणीतपणावरून तत्काळ पटते. तिच्या औदार्यालाही बाजाराचा रोखठोकपणा आहे. राज कपूर यांच्या भोळ्या नायकाला भावविवशतेकडे घसरण्यापासून सावरण्याचे काम या भूमिकेने मोठ्या प्रमाणात केले आहे.

त्याच वर्षी आलेल्या गुरुदत्त यांच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ मध्ये त्या सीतादेवी झाल्या: घटस्फोटाच्या कायद्याचा पुरस्कार करणारी, पुरुषजातीचा तिटकारा असलेली, श्रीमंत भाचीवर करडी नजर ठेवणारी आत्या. हिंदू विवाह कायदा संमत झाला ते हेच वर्ष. चित्रपटाचा रोख सुधारणावादी स्त्रियांची थट्टा करण्याकडे आहे आणि आज तो चांगलाच खटकतो. ललिताबाईंनी मात्र या भूमिकेत थट्टेचा विषय होण्याचे नाकारले आहे. त्यांची सीतादेवी हटवादी आहे, हास्यास्पद नाही. तिच्या युक्तिवादाला कथेने उत्तर दिलेले नाही, केवळ पराभव दिला आहे, असे त्यांच्या वागण्यातील ताठ प्रतिष्ठेमुळे प्रेक्षकास जाणवत राहते.

त्यांच्या अभिनयाचा आवाका एकाच दृष्टिक्षेपात पाहावयाचा तर १९५९ मधील दोन चित्रपट शेजारी ठेवावे लागतील. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’मध्ये त्या मिसेस डिसा आहेत. ही ख्रिस्ती घरमालकीण आपल्याकडे राहणाऱ्या भाबड्या, बेकार चित्रकारावर सतत तोंडसुख घेते आणि आईच्या मायेने त्याला जपते. हिंदी चित्रपटात गोव्याच्या वा मुंबईच्या ख्रिस्ती स्त्रीला बहुधा विनोदापुरतेच स्थान मिळे. तिचा झगा आणि तिची हिंदी हीच तिची ओळख असे. मिसेस डिसाच्या बोलण्यातही ती ढब आहे; परंतु ती लवकरच विसरली जाते आणि उरते ती भाडे थकविणाऱ्या मुलासाठी जीव टाकणारी एक एकाकी प्रौढा. रागाचे वाक्य उच्चारताना डोळ्यांतून कौतुक दाखवावयाचे, आणि ते कौतुक समोरच्याच्या लक्षात आले असे वाटताच आवाज पुन्हा चढवावयाचा, हा खेळ त्यांनी येथे अत्यंत सहजपणे साधला आहे. नायकाच्याच मालकाच्या कंपनीत तयार झालेले दूषित औषध घेतल्याने मिसेस डिसाचा मृत्यू होतो आणि तिला विष दिल्याचा आळ नायकावर येतो. चित्रपटाचा उत्तरार्ध तिच्यावाचून चालतो, परंतु त्यातील सारा नैतिक पेच तिच्या मृत्यूवर आधारलेला आहे. ती व्यक्ती प्रेक्षकाच्या मनात पक्की रुजली नसती, तर नफ्यासाठी औषधात खेळ करणाऱ्यांविरुद्धचा हा चित्रपट केवळ कोर्टकचेरीची कथा ठरला असता. या भूमिकेबद्दल त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा ‘फिल्मफेअर’ पुरस्कार मिळाला.

बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मधील गिरीबाला ही नेमकी दुसऱ्या टोकाची. उच्चवर्णीय कुटुंबात वाढलेल्या अस्पृश्य मुलीला दूर ठेवू पाहणारी ही कर्मठ आत्या आहे. भूमिकेत खलत्वाला भरपूर वाव असूनही त्यांनी तो घेतला नाही. गिरीबाला दुष्ट नाही. ती धार्मिक आहे, आप्तांविषयी आस्था बाळगणारी आहे, आणि शिवाशिवीचे नियम तिला पूजेच्या उपकरणांइतके स्वाभाविक वाटतात. सुजाताकडे पाहताना तिच्या नजरेत द्वेष नसतो, जणू तेथे कोणी उभेच नाही असा भाव असतो. नूतन यांच्या मूक वेदनेला या नजरेमुळेच टोक येते. अस्पृश्यता क्रूर माणसांच्या अंगी वसते असा समज करून घेणे सोपे असते. सुस्वभावी, देवभोळ्या माणसांच्या घरात ती कशी सुखाने नांदते, हे गिरीबालेने दाखविले. सासूच्या शेकडो भूमिकांपेक्षा ही एक भूमिका अधिक भेदक आहे, आणि तरीही तिचा उल्लेख फारसा होत नाही.

पुढील काही वर्षांत त्यांच्या करड्या प्रतिमेचाच विनोदासाठी उपयोग करण्यात आला. ‘जंगली’ (१९६१) मध्ये हसण्यास बंदी असलेल्या श्रीमंत घराण्याची प्रमुख त्यांनी गंभीर चेहऱ्याने उभी केली. लेख टंडन यांच्या ‘प्रोफेसर’ (१९६२) मधील भूमिका याहून सरस होय. येथेही नाव सीतादेवीच. भाच्यांवर कडक पहारा ठेवणारी ही प्रौढ कुमारिका शिकवणीसाठी आलेल्या वृद्ध प्राध्यापकावर अनुरक्त होते. हा वृद्ध म्हणजे वेषांतर केलेला तरुण नायक (शम्मी कपूर). कथेने हे प्रकरण हशासाठी योजले आहे. ललिताबाई तो हशा मिळवून देतात, परंतु उशिरा जाग्या झालेल्या मनाची लाज, हौस आणि नटण्यातील संकोच यांना त्यांनी इतक्या हळुवारपणे स्पर्श केला आहे, की फसवणूक उघड होण्याची वेळ येते तेव्हा हसणाऱ्या प्रेक्षकाला थोडे अपराधी वाटावे. एकेकाळच्या नायिकेला पुन्हा प्रेमिकेची भूमिका मिळाली, ती अशी.

१९६१ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला. त्यानंतरच्या काळात कामाचा वेग वाढला व निवड सैल झाली. मान वेळावणे, डोळा बारीक करणे, शब्द चघळल्यासारखा उच्चारणे या एकेकाळी अर्थपूर्ण असलेल्या लकबी अनेक चित्रपटांतून ठशाप्रमाणे उमटू लागल्या. ‘सौ दिन सास के’ (१९८०) मध्ये तर त्यांनी आपल्याच प्रतिमेचे अनुकरण केले आहे असे म्हणावे लागते. मात्र चांगला दिग्दर्शक लाभताच त्यांचे जुने सामर्थ्य प्रकट होई. हृषीकेश मुखर्जी यांच्याच ‘आनंद’ (१९७१) मध्ये त्या रुग्णालयातील मेट्रन झाल्या. आडनाव पुन्हा डिसा, हा दिग्दर्शकाने केलेला ‘अनाडी’चा प्रेमळ उल्लेख मानण्यास हरकत नाही. शिस्तीचा बडगा दाखवीत मरणोन्मुख रुग्णाच्या थट्टेला हळूहळू शरण जाणारी ही स्त्री मोजक्याच दृश्यांत येते आणि लक्षात राहते.

मराठी चित्रपटाने त्यांच्या प्रौढ वयातील अभिनयाचा पुरेसा लाभ घेतला नाही. शांतारामांच्या ‘अमर भूपाळी’ (१९५१) सारखी उदाहरणे आहेत. परंतु ‘रामशास्त्री’तील आनंदीबाईच्या तोडीची भूमिका त्यांच्यासाठी मराठीत पुन्हा लिहिली गेली नाही. येवल्याच्या या अभिनेत्रीची ओळख मराठी प्रेक्षकालाही प्रामुख्याने हिंदी चित्रपटांतूनच होत राहिली.

‘संपूर्ण रामायण’ (१९६१) मध्ये रंगविलेली मंथरा त्यांनी रामानंद सागर यांच्या दूरदर्शनवरील ‘रामायण’ (१९८७–८८) या मालिकेत पुन्हा साकार केली. सत्तरी उलटलेल्या ललिताबाईंनी कुबड्या दासीच्या कारस्थानाला कैकेयीवरील आंधळ्या मायेची जोड दिली: आपण वाढविलेल्या मुलीचा हक्क हिरावला जात आहे, अशी या मंथरेची प्रामाणिक समजूत आहे. त्यांचे मूकपट वा ‘रामशास्त्री’ ज्यांनी पाहिला नव्हता, अशा लक्षावधी प्रेक्षकांना त्यांचे नाव या भूमिकेमुळे परिचित झाले. आयुष्याच्या अखेरीस त्या पुण्यात औंध येथे राहत असत. मुखाच्या कर्करोगाने तेथेच त्यांचे निधन झाले.